तेवीस, तीस, चोवीस

१

या गावात कुणी काय केलं, ते मला त्याच्या चपलांवरून कळतं. स्नानगृहाच्या दारातली चपलांची खिडकी मी अठरा वर्षं सांभाळते आहे. माणूस आत गरम पाण्यात उतरला, की त्याचे बूट माझ्या ताब्यात. तोंडाने तो काहीही सांगो, बुटाच्या तळाला लागलेली माती खरं सांगते. अठरा वर्षांत माझ्या हातून एकही चूक झालेली नाही, असं त्या गुरुवारी सकाळी मी नव्या व्यवस्थापकांना ठणकावून सांगत होते.

"मावशी," ते म्हणाले, "मग माझ्या पायात हे काय आहे?"

त्यांच्या पायात जांभळ्या फुलांच्या बायकी सपाता होत्या. त्यांचे काळे बूट घालून एक बाई सकाळच्या गाडीने गावी गेल्या होत्या.

"रॅक कलतो हो साहेब," मी म्हटलं. "डाव्या पायाखाली एक जाडजूड वही घातलीय, तरी कलतो. वरच्या कप्प्यातलं खालच्यात येतं."

साहेब पुढे काही बोलणार, एवढ्यात मागच्या दारातून एक उंच, काटकुळे गृहस्थ आत घुसले. निवृत्त हेडमास्तर. बायकोच्या हृदयासाठी दरवर्षी महिनाभर इथे येतात, आणि त्या महिन्यात तक्रारवही भरून जाते.

"फसवणूक!" ते ओरडले. "हृदयरोग्यांची उघड उघड फसवणूक!"

वाट माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. स्नानगृहाच्या मागच्या दारातून एक पायवाट निघते. आधी कुरण, मग जंगल, मग राखीव जंगलाची कड, आणि शेवटी तळं. दर शंभर पावलांवर एक पांढरा दगड, त्यावर कोरून रंगवलेला पिवळा आकडा. असे तीस दगड. आमचे डॉक्टर ही वाट गोळ्यांसारखी लिहून देतात. सकाळी बारा नंबरपर्यंत, जेवणानंतर पाचपर्यंत, दुखलं तर बाकावर बसा. तीस नंबरचा दगड तळ्याकाठी. तिथवर पोचला तो बरा झाला, असं गाव मानतं.

"तेवीस नंबरचा दगड आला," हेडमास्तर बोटांवर मोजत म्हणाले. "पुढे आठ-दहा पावलं टाकली. काय आलं? तीस! त्याच्या पुढे? चोवीस! तेवीस, तीस, चोवीस! चाळीस वर्षं मी गणित शिकवलंय. असं कुठल्याही इयत्तेत नसतं."

"पण मी तीसवर बसले हो," त्यांच्या मागून त्यांची बायको हळूच म्हणाली. "सहा वर्षांत पहिल्यांदा."

"तू गप्प बस. तो तीस नव्हता."

"लिहिलेलं होतं ना पण."

साहेबांचा चेहरा मात्र उजळला होता. वाट बंद करून टाकायची आणि तिच्याऐवजी दुसऱ्या रस्त्याचा नकाशा मोबाइलवर द्यायचा, हे त्यांच्या मनात होतंच. आडवे येत होते फक्त वाट सांभाळणारे पाऊलकाका.

आणि तेव्हाच पाऊलकाका मागच्या दारातून आत आले. नेहमीसारखे मोजत. "...अठ्ठावीस, एकोणतीस, तीस." त्यांनी माझ्या खिडकीवर हात टेकला. "पूर्वी दारापासून इथवर तेवीस पावलं व्हायची गं पोरी. खोली लांबवलीत की काय?"

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हा विनोद ते रोज करतात आणि मी रोज हसते.

"ऐकलंत?" साहेब गरजले. "तीस! ह्यांच्या डोक्यात दुसरं काही नाहीच!"

२

चाळीस वर्षांपूर्वी पाऊलकाकांनी ती वाट स्वतःच्या पावलांनी मोजली आणि तीसही दगड स्वतः बसवले. तेव्हापासून पडलेली झाडं बाजूला करायची, आकडे रंगवायचे, चुकलेल्यांना परत आणायचं, हे त्यांचंच काम. राहायचं वाटेच्या तोंडाशी असलेल्या एका खोलीत.

नव्या साहेबांनी महिन्यापूर्वी कागद काढला होता. वाटेची निगा राखणाऱ्याने शनिवारी, सगळ्यांसमोर, पंचेचाळीस मिनिटांत तीस नंबरच्या दगडापाशी पोचून दाखवायचं. नाही पोचला, तर काम बंद, खोली रिकामी, आणि वाटेला कुलूप.

"आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी दगड आपोआप सात नंबर अलीकडे येतो," साहेब म्हणाले. "पाय फुटले असतील त्याला."

"माझा दगड?" पाऊलकाकांना अजून कळतच नव्हतं. "कुणी हलवला माझा दगड?"

"तेच विचारतोय. शनिवारपर्यंत दुसरा कुणी चोर सापडला तर ठीक. नाहीतर चोर तुम्ही."

पाऊलकाकांच्या शर्टाच्या खिशात रंगाचा ब्रश कायम असतो, दुसऱ्यांचं पेन असतं तसा. तो त्यांनी काढला आणि माझ्या खिडकीवर ठेवला.

"हा तुझ्याकडे राहू दे. चोराच्या खिशात बरा दिसत नाही."

आणि ते परत गेले. मोजलं नाही. त्यांना न मोजता चालताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता माझं सांगते. लग्न मोडून मी या गावात आले, तेव्हा पहिलं वर्षभर रोज दुपारी दहा नंबरच्या दगडावर बसून रडायचे. पाऊलकाका रंगाचा डबा घेऊन बाजूने जायचे. कधी विचारलं नाही, थांबले नाहीत. एक दिवस मी गेले, तर दगडाशेजारी बाक होता. पाठ टेकायला फळी असलेला. रडणं काही त्यामुळे थांबलं नाही, पण पाठ दुखायची थांबली.

"साहेब," मी म्हणाले, "शनिवारच्या आत चोर मी काढून देते. माझ्या नजरेतून काडी सुटत नाही."

साहेबांनी स्वतःच्या पायांतल्या जांभळ्या फुलांकडे पाहिलं आणि ते निघून गेले.

३

तपासाला बसले. तो दगड वासराएवढा जड आहे. नवा गुडघा घेऊन म्हातारा तो उचलणार नाही. ज्याने उचलला त्याची कंबर धरली असणारच. आणि या गावात कंबर धरली की माणूस जातो कुठे? माझ्याकडे येतो, निळा बिल्ला मागतो, आणि दोन नंबरच्या कुंडात जाऊन बसतो. निळा बिल्ला म्हणजे पाठ-कंबर. कुणाला कोणत्या दिवशी दिला, त्याची वही मी ठेवते.

वही उघडली. पाहुणे सोडून दिले. सोमवारच्या पानावर गावातलं एकच नाव. आमचा वनरक्षक. दार भरून टाकेल असा आडदांड गडी, सात वर्षांत कधी कुंडाकडे फिरकला नव्हता.

सापडला! वही मिटली आणि निघाले.

त्याची चौकी अठ्ठावीस नंबरपाशी आहे. तो चौकीसमोर वाकून लाकडं रचत होता. मला पाहून सरळ व्हायला गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"कंबर कशी आहे रे?"

"बरी आहे मावशी."

"दगड कसा होता?"

एवढा थोरला माणूस लाकडांवर बसला.

"बाबा आजारी होते ना गं, तेव्हा दोन महिने मी गावीच होतो. रजा नव्हती शिल्लक. माझ्या गस्ती पाऊलकाकांनी घातल्या. वहीत सह्या माझ्या केल्या, त्याही माझ्यापेक्षा बऱ्या अक्षरात. बाबांच्या शेवटच्या वेळी मी जवळ होतो, तो त्यांच्यामुळे." त्याने नाक ओढलं. "सोमवारी पहाटे दोर बांधून पाठीवर घेतला दगड. म्हटलं, म्हाताऱ्याचा थोडा चढ वाचेल."

"थोडा? सात नंबर?"

"सात? काहीतरीच काय! तीन नंबर. सत्ताविसापाशी ठेवला मी, फांदीची पाचर लावून."

"तो तेविसाच्या पुढे आहे."

"मावशी," वनरक्षक माझ्याइतकाच गोंधळून म्हणाला, "मग माझा दगड कुणी चोरला?"

४

परत येऊन वही उघडली, आणि आता मंगळवारचं पान पाहिलं. आधीच का पाहिलं नाही, असं विचारू नका. चोर सापडल्यावर कुणी पुढची पानं चाळत नाही.

मंगळवारी निळा बिल्ला, चहावाल्या वहिनींना.

वहिनींची टपरी कुरणात, अठरा नंबरपाशी. दुधाचे कॅन आणायला त्यांच्याकडे एकचाकी हातगाडी आहे. मी गेले तेव्हा गाडी टपरीमागे उलटी पडली होती आणि तिचं चाक इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वाकलं होतं.

"दुधाने वाकलं का हो वहिनी?"

"दूध घट्ट होतं," वहिनी म्हणाल्या. मग माझं तोंड पाहून त्यांनी गॅस बंद केला. "कळलंय ना तुला? मग कशाला छळतेस बाई?"

"का केलंत पण?"

"हे गेले तेव्हा वाट टेकडीच्या मागून जायची. इकडे काळं कुत्रं फिरकत नव्हतं. पाऊलकाका एकदा आले, कोरा चहा घेतला आणि म्हणाले, वहिनी, इकडे सावली बरी आहे. दुसऱ्या आठवड्यात वाट माझ्या दारावरून! इथे कसली सावली गं? एक झाड दाखव मला!" त्यांनी पदराने डोळे पुसले. "दोन्ही मुली शिकल्या माझ्या या वाटेवर."

"आणि दगड?"

"मंगळवारी पहाटे गेले गाडी घेऊन. धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. चाक एका दगडावर आपटलं, हात फिरवून आकडा चाचपला, तीस. चढवला. पंचविसापाशी चाकाने मान टाकली, तिथेच उतरवला."

"पंचविसापाशी? नक्की?"

"आता आकडा चाचपायला येतो ना मला."

पंचविसावरून तेवीसला कोण घेऊन गेलं? मी तिथेच कपाळाला हात लावला. बुधवारचं पान मला वही न उघडताच दिसायला लागलं होतं.

५

बुधवारी निळा बिल्ला डॉक्टरांना.

खरं म्हणजे बुधवारीच मला कळायला हवं होतं. डॉक्टर सगळीकडे स्कूटरवरून जातात. अठरा वर्षांत त्यांच्या बुटांच्या तळाला मी धूळसुद्धा पाहिलेली नाही. बुधवारी मात्र ते बूट टाचेपासून घोट्यापर्यंत जंगलातल्या लाल मातीने माखले होते. मी काय केलं? पुसून ठेवले. पडले असतील कुठेतरी, म्हटलं.

दवाखान्यात ते खुर्चीत उशी घेऊन बसले होते.

"मावशी, तुम्ही यायच्या आधीची गोष्ट," ते खाली बघत म्हणाले. "माझं पहिलंच वर्ष. एका आजोबांना चिठ्ठीवर डावीकडे वळा असं लिहून दिलं. वळायचं होतं उजवीकडे. आजोबा दलदलीत. पाऊलकाकांनी त्यांना पाठुंगळी घेऊन आणलं आणि सगळ्या गावाला सांगितलं, माझी पाटी फिरली होती, डॉक्टरांनी बरोबर लिहिलं होतं. ती पाटी मी नंतर पाहिली. काही फिरली नव्हती."

"म्हणून तुम्ही दगड स्कूटरवर घातलात?"

"पायाशी ठेवला. ब्रेक दाबता येईना. उतार संपला तिथे स्कूटर थांबली, तिथेच ठेवला."

"पण डॉक्टर, तो पंचविसापाशी होता. तीस नंबर तिथे नसतो, तळ्याकाठी असतो! कळलं नाही?"

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. दार लोटून घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "मावशी, मी ती वाट कधी चाललेलो नाही."

६

शुक्रवार. माझ्याकडे एक दगड होता आणि तीन चोर. तिघंही एकमेकांचं काही न कळता चोर झालेले, आणि तिघंही पाऊलकाकांसाठी. नावं सांगावीत तर वनरक्षकाची नोकरी जाईल, आणि साहेब म्हणतील, बघा, म्हाताऱ्याची टोळीच आहे. न सांगावीत तर चोर पाऊलकाका.

निदान पुढचं तरी निस्तरावं, म्हणून तिघांकडूनही वेगवेगळा शब्द घेतला. शनिवारची परीक्षा आटपली, की दगड जिथून उचललात तिथे गुपचूप नेऊन ठेवायचा. तिघांनीही माझ्या हातावर हात मारून कबूल केलं. इतकं चोख काम केल्यावर मला जरा बरं वाटलं.

संध्याकाळी पाऊलकाका गुडघा शेकायला आले. दारापासून हळूहळू, पाय ओढत. मोजणं सोडायचं त्यांनी ठरवलं होतं, पण ओठांना ते कळलं नव्हतं. ओठ हलत होते. खिडकीशी आले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलंच, "तीस."

"पूर्वी तेवीस व्हायची," मी सवयीने म्हणाले.

आणि माझ्या हातातला बिल्ला खाली पडला. पूर्वी तेवीस, आता तीस. दगड तेविसापाशी, दगडावर तीस.

"काका, वाट मोजली तेव्हा पाऊल कुणाचं धरलं होतं?"

"माझंच. दुसऱ्या कुणाचं धरणार? नियमच होता तसा, मोजणीच्या वहीत पहिल्याच पानावर."

"कुठे आहे ती वही?"

"मला काय ठाऊक? जुन्या साहेबांनी तुझ्याकडे दिली होती, जपून ठेव म्हणून."

मी खाली पाहिलं. जाडजूड. चामडी पुठ्ठा. रॅकचा डावा पाय तिच्यावर गेली कित्येक वर्षं उभा होता. जपलीच होती म्हणा.

मी ती ओढली. रॅक आधी नुसता कलला, मग त्याने विचार केला, आणि बेचाळीस जोड घेऊन माझ्या अंगावर आला.

७

शनिवारी सगळं गाव स्नानगृहाच्या मागच्या दाराशी जमलं. बहुतेकांच्या पायांत दुसऱ्याचे जोडे होते.

"चोर?" साहेबांनी विचारलं.

"आधी काकांना चालू द्या," मी म्हणाले. "आणि हेडमास्तर, तुम्ही त्यांची पावलं मोजा. तुमची नाही, त्यांची."

घड्याळ लावलं. पाऊलकाका निघाले. छोटी छोटी पावलं, पण घोड्याच्या टापांसारखी एकसमान. मागे हेडमास्तर मोठ्याने मोजत, त्यांच्यामागे त्यांची बायको, मग आम्ही सगळे. कुरणात गवत गुडघ्याएवढं होतं. दहा नंबरच्या बाकाला मी जाता जाता हात लावला. अठराला वहिनी ओट्यावर उभ्या होत्या, कढत चहाचा पेला हातात तसाच घेऊन त्याही आमच्यामागून आल्या. विसाच्या पुढे झाडी सुरू झाली आणि हेडमास्तरांच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज उरला नाही.

तेवीस नंबर मागे गेला. तीस नंबरच्या दगडावर पाऊलकाकांनी हात ठेवला.

"त्रेचाळीस मिनिटं," डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले. त्यांना चालून दम लागला होता.

"ही परीक्षाच नाही!" साहेब म्हणाले. "दगड हलवलेला आहे!"

"हेडमास्तर, किती झाली?"

हेडमास्तर आपल्याच कागदाकडे टक लावून बघत होते. "दोन हजार नऊशे चौऱ्याण्णव," ते म्हणाले. "हे... हे कसं?"

मी मोजणीची वही उघडून पहिलं पान वाचलं. "एक पाऊल म्हणजे वाटेची निगा राखणाऱ्याचं एक पाऊल. निगा राखणारा बदलला, किंवा त्याची चाल बदलली, तर वाट त्याच्या पावलांनी नव्याने मोजून दगड हलवावेत." खाली स्नानगृहाचा शिक्का होता. "काकांची चाल ऑपरेशननंतर बदलली. पूर्वीची तेवीस ती आताची तीस. तीन हजार पावलांवर तीस नंबर हवा. साहेब, हा एकच दगड नियमाप्रमाणे जागेवर आहे. बाकीचे एकोणतीस चुकलेत."

"सहा पावलं कमी आहेत!" साहेब म्हणाले. बुडत्याचा आवाज होता तो.

"मी चाळीस वर्षं पेपर तपासलेत," हेडमास्तर म्हणाले. "तीन हजारांत सहाची चूक मी कधी कापलेली नाही." मग ते बायकोकडे वळले, आणि घसा खाकरत म्हणाले, "तू त्या दिवशी बसलीस, तो तीसच होता."

बाईंनी पाऊलकाकांचे दोन्ही हात हातात घेतले.

"पण हलवला कुणी?" साहेबांनी शेवटचं विचारलं.

"जे वहीप्रमाणे करायचं होतं ते कुणीतरी केलं," मी म्हणाले. "त्याला चोर कसं म्हणणार? उलट बाकीचे एकोणतीस दगड हलवायचे राहिलेत. वर्षाचं काम आहे. निगा राखणाऱ्याशिवाय होणार नाही."

साहेबांनी वही माझ्या हातातून घेतली, पहिलं पान दोनदा वाचलं, आणि तिथेच, दगडावर टेकवून, खाली लिहून सही केली. पंचेचाळीस मिनिटांत पोचले, काम चालू, वाट चालू.

मी पदरात गुंडाळलेला ब्रश काढला आणि पाऊलकाकांच्या खिशात ठेवला. ते वनरक्षकाकडे बघत होते, मग वहिनींकडे, मग डॉक्टरांकडे. तिघंही कंबरेवर हात ठेवून उभे होते. चाळीस वर्षं माणसांची चाल बघितलेला माणूस तो.

"आभार कुणाचे मानायचे, ते मला सांगू नकोस पोरी," ते माझ्या कानाशी म्हणाले. "मला कळलंय. त्यांना फक्त गरम पाण्यात बसव."

परत येताना ते पुढे होते. मोजत होते. वहिनींनी सगळ्यांना चहा पाजला आणि आम्ही सगळे उगाचच हसत होतो. इतकं हलकं मला त्या बाकावरसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

८

त्या आनंदात, तिघांकडून घेतलेला शब्द त्यांना परत द्यायचा माझ्या लक्षातून राहून गेला.

रविवारी पहाटे वनरक्षकाने दगड पाठीवर घेऊन तळ्याकाठी ठेवला. सोमवारी पहाटे वहिनींनी नव्या चाकावर तो तळ्याकाठून सत्ताविसापाशी आणला. मंगळवारी पहाटे डॉक्टरांनी तो सत्ताविसावरून पंचविसापाशी आणला.

मंगळवारी सकाळी हेडमास्तर फिरायला गेले. मी तीन निळे बिल्ले दिले.